कोल्हापूरच्या राजाला वेडा ठरवलं, तेव्हा डॉक्टरांच्या पेटीत काय होतं?

टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आपण शाळेत वाचतो. पण ते ज्या राजासाठी आत गेले, त्याचं नाव विचारलं तर भलेभले गडबडतात. ते होते कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज.

जन्म १८६३ चा, मूळ नाव नारायणराव. राजाराम महाराज १८७० मध्ये युरोप दौऱ्यात फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्या वर्षी आठ वर्षांचे नारायणराव दत्तक येऊन गादीवर बसले. कारभार मात्र इंग्रजांच्या देखरेखीखाली.

महाराज मोठे होत गेले तसं त्यांचं डोकं ठिकाणावर नसल्याचं इंग्रज सांगू लागले. लोकांचा संशय वेगळाच होता. दिवाण बर्वे आणि मंडळी छळ करून राजाला वेडा ठरवतायत, असं बोललं जाऊ लागलं. केसरी आणि मराठा यांनी हा आरोप लावून धरला. पण आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोन्ही संपादक तुरुंगात गेले.

या भांडणात एक साधा प्रश्न मागे पडतो. आजार खराच होता असं धरलं, तरी तेव्हा औषध काय होतं?

जवळजवळ काहीच नाही. मेंदू शांत करायला त्या काळी पोटॅशियम ब्रोमाइड, क्लोरल आणि अफू. यातलं ब्रोमाइड हे फिट्सवरचं पहिलं खरोखर चालणारं औषध. लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये त्याचा उपयोग सांगितला. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकदम बेफाम संदेश सोडू लागतात. ब्रोमाइड त्यांना सहजासहजी भडकू देत नाही. म्हणून मग ते वेड्यांच्या इस्पितळातही सर्रास वापरलं जायचं.

गोची अशी की, शरीरातलं निम्मं ब्रोमाइड बाहेर पडायलाच साधारण १२ दिवस लागतात. रोज डोस दिला की ते साचतं. मग गुंगी, अडखळतं बोलणं, अंगावर पुरळ, अगदी भाससुद्धा. म्हणजे वेडावर दिलेलं औषधच माणसाला वेडा दाखवू शकत होतं!

पुढे १९१२ मध्ये फिनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन फिट्सवर वापरात आलं. १९६० च्या दशकात आलेलं व्हॅल्प्रोएट तर आज फिट्ससोबत उन्मादाच्या आजारावरही देतात. त्यामुळे फिट न येणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर फिट्सची गोळी दिसली तर दचकू नका. दुष्परिणाम आजही आहेतच. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकतं आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. पण आता रक्त तपासून डोस कमी-जास्त करता येतो. मनाने गोळी बंद करणं मात्र सगळ्यात घातक, कारण फिट्स जोरात उलटू शकतात.

१८८३ मध्ये यातलं काहीच हाताशी नव्हतं. जिथे औषध चालत नाही, तिथे उरतो पहारा. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबरला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी त्यांची झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय अवघं २० वर्षं.

मार्च १८८४ मध्ये त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातल्या नऊ वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. तेच राजर्षी शाहू महाराज.