जॉन टिंडल : पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखविणारा शिक्षक

आयर्लंडमधील कार्लो परगण्यात बॅरो नदीच्या काठी लेलिनब्रिज नावाचे एक लहानसे गाव आहे. २ ऑगस्ट १८२० रोजी तेथे जॉन टिंडल यांचा जन्म झाला. वडील पोलीस दलातील शिपाई. मिळकत बेताची, पण वाचनाचे वेड असलेले. घराणे प्रोटेस्टंट पंथाचे. आयर्लंडमध्ये त्या काळी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात केवढी दरी होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. असे असूनही या वडिलांनी आपला मुलगा जॉन कॉनविल या कॅथलिक शिक्षकाच्या शाळेत धाडला, कारण पंचक्रोशीत भूमिती आणि जमीनमोजणी उत्तम शिकविणारा शिक्षक तोच होता. पोरगा ऐन तारुण्यात येईपर्यंत त्याच शाळेत राहिला. शिक्षकाचा पंथ न पाहता त्याची विद्या पाहणारा बाप आणि विद्यार्थ्याचा पंथ न पाहता त्याची बुद्धी पाहणारा गुरू, असे दोघे एकाच वेळी लाभणे हे भाग्यच म्हणावे लागेल. आपल्या समाजाला त्याचे मोल अधिक कळते.

१८३९ साली टिंडल यांना सरकारी मोजणी खात्यात नोकरी मिळाली. १८४२ मध्ये त्यांची रवानगी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे झाली. आयरिश सहायकांना मिळणारे वेतन तुटपुंजे होते आणि वागणूकही अपमानास्पद होती. टिंडल यांनी सहकाऱ्यांसह याविरुद्ध आवाज उठविला आणि १८४३ मध्ये त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. पुढे काही वर्षे त्यांनी रेल्वेमार्गांच्या मोजणीत घालविली. त्या धंद्यात तेव्हा पैसा मुबलक होता. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही.

१८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवूड महाविद्यालयात गणिताचे शिक्षक झाले. नावात महाविद्यालय असले तरी ती होती मुलांची निवासी शाळा. तिची इमारत समाजवादी विचारवंत रॉबर्ट ओवेन यांच्या अनुयायांनी समतेवर आधारलेल्या वसाहतीसाठी उभारली होती. वसाहत मोडली, वास्तू उरली आणि तेथे शाळा भरू लागली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, शेतात जाऊन जमीन मोजावी, ही त्या शाळेची रीत होती. एडवर्ड फ्रँकलंड हे पुढे नामांकित झालेले रसायनशास्त्रज्ञ तेथे टिंडल यांचे सहकारी होते. दोघांनी करार केला : एकाने रसायनशास्त्र शिकवावे, दुसऱ्याने गणित. शिक्षकांनीच एकमेकांचे विद्यार्थी व्हावे, ही गोष्ट आमच्या शिक्षक-खोल्यांत क्वचितच घडते! वर्षभराने, १८४८ मध्ये, दोघेही साठवलेल्या पैशांच्या बळावर जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. तेथे रॉबर्ट बुन्सेन यांच्यासारखे अध्यापक होते. टिंडल यांनी अहोरात्र अभ्यास करून १८५० साली डॉक्टरेट मिळविली. मोजणी खात्याने हाकललेला माणूस वयाच्या तिशीत विद्यापीठाचा पंडित झाला.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. तेथे मायकेल फॅरडे होते. लोहाराच्या घरी जन्मलेले, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधणीस आलेली पुस्तके वाचून शास्त्रज्ञ झालेले. या दोघांचे नाते वडील आणि धाकट्या भावासारखे होते. या संस्थेत शुक्रवारी सायंकाळी जनतेसमोर सप्रयोग व्याख्याने होत असत. १८५४ च्या मे महिन्यात टिंडल यांनी तेथे जो प्रयोग दाखविला, त्यामुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते.

पाण्याने भरलेल्या एका पात्राच्या बाजूला भोक पाडलेले होते. भोकातून पाणी बाहेर पडे आणि कमानीसारखे वळत खालच्या भांड्यात पडे. पात्राच्या मागील बाजूने, बरोबर भोकाच्या रेषेत, प्रखर प्रकाशझोत सोडला होता. सभागृह अंधारलेले. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो. त्या हिशेबाने झोत भोकातून निघून समोरच्या भिंतीवर पडावयास हवा होता. तसे झाले नाही. प्रकाश पाण्याच्या धारेबरोबर वळला, धारेच्या पोटातून खाली उतरला आणि जेथे धार फुटली तेथे विखरून चमकला.

प्रकाशाने आपला नियम मोडला होता काय? मुळीच नाही. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना, म्हणजे घन माध्यमातून विरल माध्यमात येताना, स्तंभिकेपासून दूर वाकतो. स्तंभिका म्हणजे दोन माध्यमांच्या सीमेवर काढलेली लंबरेषा. किरण जितका तिरपा येईल, तितका तो बाहेर पडताना अधिक वाकेल. असे करता करता एक कोन असा येतो की बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला चाटूनच जातो. यालाच क्रांतिक कोन म्हणतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर तो सुमारे ४८.६ अंश आहे, साध्या काचेसाठी सुमारे ४२ अंश, तर हिऱ्यासाठी जेमतेम २४ अंश. किरण याहूनही तिरपा आला, तर त्याला बाहेर पडण्याची वाटच उरत नाही. तो संपूर्णपणे आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. चांदीचा मुलामा दिलेला उत्तम आरसादेखील प्रकाशाचा थोडा अंश गिळतो. येथे मात्र सीमेवर काहीच गळत नाही. टिंडल यांच्या धारेत किरण धारेच्या कडेवर तिरपा आपटत होता, आत परतत होता, पुढच्या कडेवर पुन्हा आपटत होता. प्रत्येक तुकड्यात तो सरळच चालला होता. वळत होती ती धार. हिऱ्याची लकाकी हीदेखील याच नियमाची किमया. क्रांतिक कोन लहान असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश पैलूंवरून वारंवार परततो आणि कारागिराने ठरविलेल्या वाटेनेच बाहेर येतो.

हा प्रयोग प्लॅस्टिकची बाटली, खिळा आणि टॉर्च यांच्या साहाय्याने कोणत्याही शाळेत होतो. बाटलीचे झाकण मात्र काढून ठेवावे, नाहीतर धार नीट पडत नाही.

आता श्रेयाचा प्रश्न. परावर्तनाच्या या प्रकाराचे वर्णन योहानेस केप्लर यांनी १६११ मध्येच केले होते. पाण्याच्या धारेतील प्रकाश तर जिनिव्हा येथील जाँ-दानियल कोलादाँ यांनी १८४१ साली दाखविला आणि त्याचा वृत्तांत १८४२ मध्ये पॅरिसला प्रसिद्धही केला. टिंडल यांना हा प्रयोग फॅरडे यांनी सुचविला होता. व्याख्यानात कोलादाँ यांचा उल्लेख झाला नाही. पुढे विसाव्या शतकात बहुतेक पुस्तकांतून टिंडल यांचेच नाव जनक म्हणून छापले गेले. जुनी कागदपत्रे उलगडून कोलादाँ यांचे नाव पुन्हा पुढे आणण्यास इतिहासकारांना बराच काळ लागला. टिंडल यांची थोरवी शोधात नाही, दाखविण्यात आहे. दाखविण्याचे मोल मी कमी लेखत नाही. या आणि पाहा, हे आवाहन धम्माचेही वैशिष्ट्य आहे. पण पहिल्या माणसाचे नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

हाच नियम टिंडल यांच्या आयुष्यात आणखी एका वाटेने आला. फॅरडे यांच्यानंतर ते इंग्लंडच्या दीपगृहांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. दीपगृहांत फ्रान्सच्या ऑग्युस्तँ फ्रेनेल यांची योजना वापरली जात असे : मध्यभागी भिंग आणि त्याच्या वर-खाली काचेच्या लोलकांची कडी. वर-खाली वाया जाणारा प्रकाश या लोलकांमध्ये पूर्ण परावर्तित होऊन क्षितिजाच्या दिशेने वळतो. दिवा तोच, पण समुद्रावरील खलाशाला तो कोसभर अधिक दुरून दिसतो. वायूचे दिवे तयार करणारे डब्लिनचे संशोधक जॉन विगहॅम यांच्यावर अन्याय होत आहे असे दिसताच टिंडल यांनी त्यांची बाजू घेतली आणि अखेर १८८३ मध्ये सल्लागारपदाचा राजीनामा दिला. प्रेस्टनचा तरुण त्यांच्यात अजून जिवंत होता.

१८७४ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी जे भाषण केले, त्याने धर्मपीठे हादरली. डिमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या अणुविचारापासून डार्विनपर्यंतचा इतिहास मांडून, विश्वाच्या घडणीचा निवाडा धर्मशास्त्राने नव्हे तर विज्ञानानेच करावा, असा आग्रह त्यांनी धरला. प्रोटेस्टंट व्यासपीठांवरून त्यांचा निषेध झाला, आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांनीही पत्रक काढले. ज्या भूमीत दोन्ही पंथांचे एकमत होणे दुर्मीळ, तेथे टिंडल यांच्या विरोधात ते झाले! कालाम लोकांना तथागतांनी केलेला उपदेश ज्यांनी वाचला आहे, त्यांना या भाषणात परके असे फारसे सापडणार नाही.

मात्र हेच टिंडल १८६५-६६ मध्ये कोठे उभे होते? जमैकामधील मोरंट बे येथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी उठाव केला. गव्हर्नर एडवर्ड आयर याने लष्करी कायदा पुकारून चारशेहून अधिक माणसे ठार करविली, शेकडो लोकांना फटके मारविले आणि जॉर्ज विल्यम गॉर्डन या लोकप्रतिनिधीला फासावर चढविले. जॉन स्टुअर्ट मिल, डार्विन, हक्सली यांनी आयरवर खटला चालवावा असा आग्रह धरला. टिंडल मात्र आयरच्या बचाव समितीत सामील झाले. हक्सली त्यांचे जिवलग मित्र होते, तरीही. आपल्या आयरिश सहकाऱ्यांच्या अपमानासाठी नोकरी गमाविणाऱ्या माणसाला जमैकातील माणसांचे प्राण दिसले नाहीत. चरित्रकार हा प्रसंग वगळू शकतो. आपण वगळू नये. माणसाला देव्हाऱ्यात बसविण्याच्या वृत्तीविरुद्ध बाबासाहेबांनी आपल्याला सावध केले आहे, आणि तो इशारा परदेशी शास्त्रज्ञांनाही लागू आहे.

त्यांच्या औदार्याचीही नोंद केली पाहिजे. १८७२-७३ मध्ये त्यांनी अमेरिकेत प्रकाशावर व्याख्याने दिली. खर्च वजा जाता सुमारे तेरा हजार डॉलर उरले. त्यांनी त्यातील एक पैही घरी नेली नाही. सर्व रक्कम विज्ञान शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी ठेवली. त्यातून पुढे हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि कोलंबिया या विद्यापीठांत शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. यांपैकी कोलंबियात १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोण पोहोचले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊकच आहे.

१८७६ मध्ये टिंडल यांनी लुइझा हॅमिल्टन यांच्याशी विवाह केला. अखेरच्या वर्षांत निद्रानाशाने ते खंगले होते. ४ डिसेंबर १८९३ रोजी लुइझाबाईंच्या हातून औषधांची अदलाबदल झाली. साध्या औषधाऐवजी झोपेच्या औषधाची भारी मात्रा पोटात गेली आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यानंतर लुइझाबाई जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे जगल्या. पतीचे चरित्र लिहावे म्हणून त्या कागद जमवीत राहिल्या. चरित्र मात्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १९४० मध्ये त्या गेल्या आणि ते पुस्तक इतरांच्या हातून १९४५ साली बाहेर पडले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५४ मध्ये, पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेऊन दाखविली. पाण्याच्या धारेची जागा काचेच्या धाग्याने घेतली होती. नुसत्या काचेला दुसरा तंतू किंवा बोट लागले की तेथून प्रकाश गळतो. म्हणून हॉलंडचे व्हान हील यांनी सुचविल्याप्रमाणे तंतूभोवती कमी अपवर्तनांकाचे वेष्टन आले. पोटात नळी घालून जठरातील व्रण पाहणारी एंडोस्कोपी यातूनच उभी राहिली. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवून दिले की दूरवर प्रकाश पोहोचत नाही याला काचेतील भेसळ कारणीभूत आहे, नियम नव्हे. चार वर्षांत तशी निर्मळ काच तयार झाली. आज संदेश वाहणाऱ्या तंतूची जाडी वेष्टनासह १२५ मायक्रोमीटर असते आणि लांब पल्ल्याच्या तंतूत प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो अवघा आठ-नऊ मायक्रोमीटरचा. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरून ज्या केबली येतात, त्यांच्या पोटात हेच तंतू आहेत. परदेशी असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा आवाज गावातील आईवडिलांपर्यंत येतो, तो बहुतांश वाट अशाच काचेच्या भिंतींवर आपटत, आत परतत येतो.