ताळेबंदात न मावणारे भांडवल

बँकेच्या दृष्टीने दिवाळे निघालेला माणूस म्हणजे बंद झालेले खाते. साल्वातोरे फेरागामो यांनी ते पुन्हा उघडून दाखवले.

इटलीच्या दक्षिणेकडील बोनितो या खेड्यात १८९८ साली ते जन्मले. १४ भावंडांतले अकरावे. जोडे शिवणे घरच्यांना कमीपणाचे वाटे. पण नवव्या वर्षी त्यांनी बहिणीच्या धर्मविधीसाठी रातोरात पांढरे जोडे शिवले आणि विरोध मावळला. किशोरवयातच ते अमेरिकेला गेले. हॉलिवूडच्या नट्यांचे जोडे करता करता पायाची रचना शिकले. शरीराचा भार तळव्याच्या कमानीवर येतो हे ओळखून त्यांनी तिथे पोलादी पट्टीचा आधार दिला.

१९२७ साली ते फ्लॉरेन्सला परतले. गिऱ्हाईक मात्र बहुतांशी अमेरिकेतले. १९२९ नंतरच्या मंदीत ते आटले आणि १९३३ साली दिवाळे निघाले. पण हातातली कला लिलावात जात नाही. ते पुन्हा कामाला बसले. इथिओपियावरील आक्रमणामुळे १९३५ साली इटलीवर निर्बंध आले, चांगले पोलाद मिळेना. तेव्हा त्यांनी टाच आणि चवडा यांमधली पोकळी बुचाने भरून काढली. ती सलग, जाड टाच जगभर गाजली. १९३८ साली फ्लॉरेन्सचा जुना स्पिनी फेरोनी वाडा त्यांनी विकत घेतला.

१९६० साली ते गेले. मागे पत्नी वांडा, वय ३८, पदरी सहा मुले, व्यवसायाचा अनुभव शून्य. तरी त्यांनी धंदा विकला नाही. सूत्रे हाती घेऊन एकेका मुलाला कामाला लावले; जोड्यांच्या जोडीला पर्स, कपडे आले. संसाराची ही पत कुठल्या ताळेबंदात मांडायची?