कॅहिल यांचे दोनशे टनी वाद्य

तंबोऱ्याची जवारी बिघडली की वडील घोडीवरचा दोरा तासभर सरकवीत. ती जमेपर्यंत दरबाराकडे पाऊल नाही. थॅडियस कॅहिल यांचे दुखणे एवढ्याने सुटणारे नव्हते. १८६७ साली अमेरिकेत जन्मलेल्या या गृहस्थांनी १८९७ मध्ये विजेवरील टेलहार्मोनियमचे पेटंट घेतले. स्वरास्वराला फिरते जनित्र. वजन सुमारे दोनशे टन! १९०६ पासून न्यूयॉर्कच्या हॉटेलांत हे संगीत तारांतून पोचू लागले. पण अनेक पट्ट्या एकदम दाबल्या की प्रत्येक स्वर क्षीण होई. प्रवाह जबर ठेवावा, तर शेजारच्या टेलिफोनवर बोलणाऱ्यांच्या कानात गाणे शिरे! क्षीण प्रवाह मोठा करणारे साधनच तेव्हा नव्हते. ते हाती येऊ लागले, तोवर १९१४ साली कंपनी बुडाली. कॅहिल १९३४ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी हॅमंड ऑर्गन निघाला. फिरत्या चाकांचाच, पण दिवाणखान्यात मावणारा.