भूगर्भाचे निःस्पृह शोधक : कै. प्रमथनाथ बोस

ज्याने वृक्ष लावला त्याच्याच ओंजळीत फळ पडावे, असा सृष्टीचा नियम नाही. कित्येकदा लावणारा एक, शिंपणारा दुसरा आणि सावलीत बसणारा तिसराच असतो. तथापि लावणाऱ्याचे नाव सावलीत बसणाऱ्यांनी विसरावे, हे मात्र शिष्टाचारास धरून नाही. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात. यंदा आम्ही जे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ज्ञातीतील गृहस्थाचे नव्हे, आपल्या प्रांतातीलही नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर संसार चालविणाऱ्या आपल्यासारख्या ज्ञातीस त्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे वाटल्यावरूनच आम्ही ही निवड केली आहे.

प्रमथनाथ बोस यांचा जन्म १८५५ मध्ये बंगालमधील गोबरडांग्याजवळच्या गाईपूर ह्या खेड्यात झाला. कृष्णनगर येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. त्या काळी विलायतेस जाणारा हुशार हिंदी तरुण बहुधा बॅरिस्टर तरी होऊन येई, नाहीतर सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा तरी देई. प्रमथनाथांनी ह्या दोन्ही वाटा सोडून दगडधोंड्यांची वाट धरली. लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन ते रॉयल स्कूल ऑफ माइन्स ह्या विख्यात संस्थेत खनिजे, भूस्तर व जीवाश्म यांच्या अभ्यासात गढून गेले. शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या मांसाहारी प्राण्यांच्या जीवाश्मांवरील त्यांचा निबंध १८८० मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. ह्या खात्यात अधिकाऱ्याच्या श्रेणीवर नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. खात्यातील जीवन कसे असे, याची कल्पना वाचकांस असावी म्हणून थोडे सांगतो. पावसाळा सरला की अधिकाऱ्याने तंबू, होकायंत्र व हातोडा घेऊन नेमून दिलेल्या मुलखात उतरावयाचे, उन्हाळा कडक होईपर्यंत डोंगर, नाले व जंगले पायांखाली घालावयाची, आणि पावसाळ्यात कलकत्त्यास परतून नमुन्यांची परीक्षा व अहवालाचे लेखन करावयाचे. नाल्याच्या पात्रात खनिजाचा एखादा गोटा सापडला, तर प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जाऊन तो कोणत्या कड्यातून निखळला हे शोधावयाचे. ताप, श्वापदे व एकांत हे तर नित्याचेच सोबती! प्रमथनाथांच्या वाट्यास आरंभी नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातील निमावर ते कवांट हा प्रदेश आला, आणि त्यावरील त्यांचा सविस्तर ग्रंथ खात्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे ते मध्यप्रांतात रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात गेले. तेथील रानांत लहान मातीच्या भट्ट्या पेटवून, कातडी भाते पायांनी दाबून, कोळशाच्या धगीत लोखंड गाळणारे लोक होते. सुशिक्षित मनुष्य अशा धंद्याकडे सहसा वळूनही पाहत नाही. प्रमथनाथांनी मात्र त्या लोहधंद्याची आस्थेने पाहणी केली. जेथे भट्टी आहे तेथे जवळ धातुक असणारच, आणि जेथे जुन्या धातुमळीचे ढीग आहेत तेथे पूर्वी खाण असणारच, हे शोधकाचे साधे परंतु मोठे सूत्र आहे. ह्या भागातील लोहाविषयीची त्यांची टिपणे १८८७ मध्ये खात्याच्या नियतकालिकात छापली गेली. दल्ली व राजहरा ह्या लोहमय टेकड्यांची नोंद त्यांच्याच कामातून झाली. सरकारने अहवाल दप्तरी ठेवला, आणि तो तसाच पडून राहिला.

यानंतर हिमालयातील सिक्कीम हा दुर्गम प्रदेश त्यांच्याकडे आला. तेथील भूस्तर व खनिजसंपत्ती यांवरील त्यांचा लेख १८९१ चा आहे आणि त्यात तांब्यास महत्त्वाचे स्थान आहे. सिक्कीमचे तांबे डालिंग ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाटीसारख्या पापुद्रेदार खडकांत आढळते. आपले वैद्य ज्यास सुवर्णमाक्षिक म्हणतात, त्या पिवळ्या चकाकत्या खनिजाच्या रूपाने ते खडकात विखुरलेले असते. तांब्याचे भांडे कळकावे तसा हिरवा डाग कड्यावर दिसला, की शोधकाने तेथे थांबावयाचे. परंतु डाग दिसणे म्हणजे खाण मिळणे नव्हे. हा थर किती जाड आहे, कड्याच्या पोटात किती खोल जातो, शंभर मण खडक फोडल्यावर हाती तांबे किती येते, ते गाळण्यास सरपण कोठले आणि गाळलेला माल खाली उतरविण्यास वाट कोणती, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो केवळ डागच असतो. स्थानिक खाणकामगार तेथे आपल्या पद्धतीने अरुंद बिळे खोदून तांबे काढीतच असत. मोठ्या उद्योगास मात्र दीर्घ काळ वाट पाहावी लागली. सिक्कीम खाण महामंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि रंगपोजवळील भोटांग येथे तांबे, शिसे व जस्त यांची खाण चालली, तेव्हा प्रमथनाथांच्या लेखास जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती. शोधकाचे काम बियाण्यासारखे असते. ते कधी रुजेल, हे पेरणाऱ्यास ठाऊक नसते.

प्रमथनाथांचे लक्ष केवळ दगडांवर नव्हते. विज्ञानाचे शिक्षण व त्यातून निघणारे उद्योगधंदे यांवाचून देश सावरणार नाही, हा विचार त्यांनी १८८६ मध्येच बंगालमधील शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणाविषयीच्या पुस्तिकेत मांडला. ब्रिटिश अमदानीतील हिंदू संस्कृतीच्या इतिहासाचे त्यांचे खंड १८९४ पासून प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये त्यांचा विवाह रमेशचंद्र दत्त यांच्या कन्या कमला यांच्याशी झाला होता. शिवकालावर बंगालीत कादंबरी लिहिणारे आणि पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी बडोद्याचे दिवाण झालेले ते हेच रमेशचंद्र होत. हा धागा महाराष्ट्रीय वाचकांस खचित आवडेल.

आता आम्ही ह्या चरित्रातील कसोटीच्या प्रसंगाकडे येतो. १९०३ मध्ये खात्याच्या संचालकाची जागा भरण्याची वेळ आली. प्रमथनाथांची सेवा तेवीस वर्षांची झाली होती. त्यांच्यामागून दहा वर्षांनी, १८९० मध्ये, खात्यात आलेले टॉमस हॉलंड यांस ती जागा देण्यात आली. हॉलंड हे व्यासंगी शास्त्रज्ञ होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिंदी मनुष्याने कितीही डोंगर तुडविले तरी शिखरावरची खुर्ची त्याची नव्हे, हा त्या राज्यपद्धतीचा अलिखित नियम होता आणि त्याची झळ प्रमथनाथांस लागली. वय अठ्ठेचाळीस, पदरी कुटुंब, आणि बरी पगाराची नोकरी! अशा वेळी शंभरांतील नव्व्याण्णव माणसे अपमान गिळून निवृत्तिवेतनाची वाट पाहतात, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणास आहे असेही आम्हांस वाटत नाही. प्रमथनाथांनी मात्र नोकरी सोडली.

सोडली ती कुढत बसण्यासाठी नव्हे. ओरिसातील मयूरभंज संस्थानचे अधिपती श्रीरामचंद्र भंजदेव यांनी त्यांस आपल्या राज्यातील खनिजांच्या शोधासाठी बोलाविले. पुन्हा तंबू, पुन्हा हातोडा, पुन्हा रान! ह्या वेळी डोक्यावर वरिष्ठ साहेब नव्हता, इतकाच फरक. त्या अरण्यात गोरुमहिसानी डोंगराचे समृद्ध लोहखनिज त्यांच्या दृष्टीस पडले. रायपूरच्या वेळी अहवाल दप्तरी पडून राहिल्याचा अनुभव गाठीस होता. ह्या खेपेस त्यांनी कागद दप्तराच्या स्वाधीन न करता योग्य माणसाच्या हाती दिला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी मुंबईस जमशेटजी टाटा यांस पत्र लिहून ह्या खनिजाची वार्ता कळविली.

जमशेटजींचा ध्यास त्या आधीचा होता. आपल्या चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी १८८२ मध्ये वाचला, तेव्हापासून हिंदुस्थानात पोलाद करावयाचे हे त्यांच्या मनाने घेतले होते. चांद्याचे लोहारा येथील खनिज उत्तम, परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उतरेना. दुर्दैवाने मे १९०४ मध्ये जमशेटजी निवर्तले आणि भार त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्यावर आला. त्यांनी अमेरिकन तज्ज्ञ चार्ल्स पेज पेरिन व सी. एम. वेल्ड यांच्या साहाय्याने शोध पुढे चालविला, परंतु चांद्यात निराशाच पदरी आली. हा बेत सोडल्याचे सरकारास कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास गेले असता, अधिकाऱ्याच्या भेटीस अवकाश होता म्हणून वेळ घालविण्यास ते जवळच्या अजबबंगल्यात शिरले. तेथे भिंतीवरील भूगर्भाच्या नकाशात त्यांस द्रुगकडील भाग लोहनिदर्शक गडद रंगाने रंगविलेला दिसला. ही तीच भूमी, जिची नोंद सतरा वर्षांमागे प्रमथनाथांनी केली होती!

दल्ली-राजहऱ्याचे खनिज तज्ज्ञांस पसंत पडले. परंतु केवळ खनिजाने पोलाद होत नाही. झोतभट्टीस कोक होणारा कोळसा हवा, चुनखडी हवी, बारमाही पाणी हवे, लोहमार्ग व बंदर हवे. येथे प्रमथनाथांचे पत्र उपयोगी पडले. मयूरभंजचे खनिज झरियाच्या कोळशास व कलकत्त्याच्या बंदरास जवळ होते. तज्ज्ञांनी गोरुमहिसानी पाहून कौल दिला, महाराजांनी उदार अटींवर खाणींचा हक्क दिला, आणि २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईस टाटा लोखंड व पोलाद कंपनीची नोंदणी झाली. विलायतेत भांडवल मिळेना म्हणून ते येथेच मागण्यात आले, तेव्हा सुमारे तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी ते भरून दिले. पुढे चालू भांडवलाची गरज लागली तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी कर्जरोख्यांची संपूर्ण रक्कम एकट्याने उचलली. सुवर्णरेखा व खरकाई ह्या नद्यांच्या संगमाजवळ साकची ह्या खेड्याच्या जागी कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड व फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद बाहेर पडले. १९१९ मध्ये त्या नगरास जमशेदपूर हे नाव मिळाले.

प्रमथनाथ तेव्हा काय करीत होते? वंगभंगाच्या चळवळीत १९०६ मध्ये कलकत्त्यास बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली, तिचे पहिले प्राचार्यपद त्यांनी मानद म्हणून सांभाळले. आजच्या जादवपूर विद्यापीठाचे मूळ त्या संस्थेत आहे. उत्तर आयुष्य त्यांनी रांचीस लेखन व चिंतनात घालविले. १९३४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. बोलपटांच्या काळात नाव मिळविलेले दिग्दर्शक मधु बोस हे त्यांचे पुत्र होत.

आणि ती १८८७ ची टिपणे? स्वातंत्र्यानंतर भिलाईचा सरकारी पोलाद कारखाना दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर उभारण्यात आला. त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. टिपणे व भट्टी यांमध्ये बहात्तर वर्षांचे अंतर आहे. एका मनुष्याच्या पायपिटीतून देशास दोन पोलाद-नगरे मिळाली. त्यांपैकी दुसरे पाहण्यास तो हयात नव्हता आणि पहिल्यास त्याचे नाव नाही. याविषयी कोणी हळहळ व्यक्त केली तर ती योग्यच म्हणू. परंतु चरित्राचे सार आम्हांस त्याहून निराळे दिसते. जी नोंद प्रामाणिकपणे केली जाते ती वाया जात नाही, आणि अपमानाचे उत्तर अधिक चांगल्या कामाने देता येते, हे ते सार होय.

आपल्या ज्ञातीतील मातापित्यांस याच निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. मुलगा वा मुलगी मळलेली वाट सोडून, ज्यात कपडे मळतात, हातास घट्टे पडतात व फळ उशिरा येते, अशा विद्येची इच्छा धरील, तर त्यास घाईने परावृत्त करू नये. लेखणीने आपणांस मान दिला, हे खरे. प्रमथनाथांच्या हातीही लेखणी होती. मात्र हातोड्याने खडक फोडून पाहिल्यावाचून त्यांनी ती कागदावर टेकली नाही. अशी लेखणी आपल्या घराघरांत नांदो, एवढीच प्रार्थना करून आम्ही ह्या थोर शोधकाच्या स्मृतीस वंदन करतो.