शिल्पकार करमरकर : भिंतीवरच्या चित्रापासून पुतळ्यापर्यंत

भिंत रंगवणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी ही गोष्ट वाचा.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 साली अलिबागजवळच्या सासवने गावी झाला. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि या मुलाला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकायला मदत केली. पुढे त्यांनी कोलकात्यात काम केलं, लंडनलाही शिकून आले.

मग आलं सर्वात मोठं काम : पुण्यासाठी शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. घोडा आणि स्वार ब्राँझमध्ये एकसंध ओतायचे होते. ओतकाम फसलं, तर सगळी मेहनत वाया! पण ते साधलं. 1928 मध्ये पुतळा उभा राहिला. 1967 साली करमरकर गेले. सासवन्याच्या घरी आज त्यांचं संग्रहालय आहे.

आळंदीहून सहल नेणं सोपं आहे. पुतळा शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये आहे. मुलांना दाखवा. स्नेहसंमेलनात छोटी नाटिकाही बसवा. पहिला प्रवेश देवळाच्या भिंतीचाच ठेवा.

आणि वर्गातल्या भिंतीवर चित्र दिसलं, तर पुसण्याआधी एकदा नीट बघा.