एडगर पर्नेल हूली

ज्या काळ्या गुळगुळीत सडकेवरून आपण रोज शाळेंत येतों, तिच्या इतिहासांत डांबराच्या एका फुटक्या पिंपास मोठें स्थान आहे, हें पुष्कळ बालवाचकांस ठाऊक नसेल.

एडगर पर्नेल हूली यांचा जन्म १८६० सालीं वेल्समधील स्वान्सी येथें झाला. पुढें ते इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्याचे सर्व्हेअर झाले. परगण्यांतील सडका सुस्थितींत ठेवणें हें त्यांचें काम. आणि त्या काळीं तें मोठें जिकिरीचें होऊन बसलें होतें. मॅकॅडॅम (१७५६–१८३६) यांच्या पद्धतीप्रमाणें खडीचे थर दाबून केलेले रस्ते घोडागाड्यांस पुरेसे होते. परंतु मोटारी धावूं लागतांच त्यांच्या वेगवान चाकांनीं खडीस धरून ठेवणारी बारीक माती उपसून काढली. उन्हांत धुळीचे लोट व पावसांत चिखल, अशी लोकांची दैना झाली.

१९०१ सालीं हूली डर्बीशायरमधील डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळून जात होते. तेथें रस्त्यावर डांबराचें पीप पडून फुटलें होतें, आणि ती घाण झांकण्यासाठीं कोणीं तरी भट्टीजवळची धातुमळी तिच्यावर पसरली होती, असें सांगतात. खनिजांतून लोखंड काढतांना जो खडकाळ रस वर तरंगतो, तो थिजला म्हणजे दगडासारखा होतो. तीच ही मळी. कारखानदारांस ती नकोशी, म्हणून तिचे डोंगर साचत. त्या वाटेनें जाणारे-येणारे तो तुकडा तुडवून गेलेच असतील. हूलींस मात्र दिसलें कीं, तेवढ्याच जागेंत धूळ नाहीं व चाकोरीही पडलेली नाहीं!

तापविलेल्या डांबरांत थोडी राळ व सिमेंट मिसळून तें फोडलेल्या मळीस चोपडण्याची रीत त्यांनीं बसविली, व १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. नॉटिंगहॅमचा रॅडक्लिफ रोड पांच मैलपर्यंत या रीतीनें बांधला गेला. १९०३ सालीं कंपनीही निघाली. परंतु शोध लावणें निराळें व व्यापार करणें निराळें. कंपनी चालेना. शेवटीं वुल्व्हरहॅम्प्टनचे पोलादाचे कारखानदार सर आल्फ्रेड हिकमन यांनीं ती हातीं घेऊन १९०५ सालीं नव्यानें उभी केली. त्यांच्या कारखान्यांत मळीचे ढीग पडून होते, तेव्हां यांत त्यांचा दुहेरी लाभ होता, हें उघड आहे. टारमॅक हें नांव जगभर झालें. हूलींचें मात्र मागें पडलें. १९४२ सालीं ते वारले.

मॅकॅडॅम यांचा सारा कटाक्ष रस्त्याच्या पोटांत पाणी जाऊं न देण्यावर होता. आतां कित्येक ठिकाणीं उलट रीत चालते. एकाच आकाराची खडी, बारीक चूर न घालतां, डांबरांत बांधली म्हणजे मध्यें पोकळ्या राहतात व पावसाचें पाणी त्यांतून खालीं झिरपतें. अशा रस्त्यास कणखर व खरबरीत खडी लागते, आणि पोलादाच्या भट्टींतील मळी तशीच असते. मात्र तिच्यांतील मोकळा चुना पाण्यानें फुगतो. म्हणून वापरण्यापूर्वीं ती कांहीं महिने उघड्यावर, पाण्यापावसांत मुरूं द्यावी लागते. सुरतेजवळ हजिरा येथें २०२२ सालीं पोलादाच्या मळीचा सहापदरी रस्ता झाला, आणि २०२४ सालीं आपल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या एका तुकड्यांतही ती मळी पडली.