सुभेदार रामजी सकपाळ : एका शिक्षक-सैनिकाचे घराणे

बाबासाहेबांचे चरित्र आम्ही शिक्षक दरवर्षी वर्गात शिकवितो. त्या चरित्राच्या आरंभी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव येते आणि चार ओळींत मागे पडते. निवासी शाळेच्या स्मरणिकेत या नावास अधिक जागा मिळावी, असे आम्हांस वाटते. रामजी सैनिक होते, शिक्षक होते, आणि मुलाच्या शिक्षणासाठी जेरीस आलेले बापही होते.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते. गावात ज्या माणसाची सावलीही विटाळ मानली जाई, त्याला छावणीत गणवेश, वेतन आणि हुद्दा मिळत असे. याहून मोठी गोष्ट म्हणजे, लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षणाची सोय होती. गावच्या शाळेची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या घरांत अक्षर शिरले ते या वाटेने. रामजींचा विवाह भीमाबाईंशी झाला. त्या मुरबाडकर घराण्यातील एका सुभेदार मेजरांच्या कन्या. म्हणजे दोन्ही घरे पलटणीतील आणि दोन्ही घरे शिकलेली.

रामजींनी पुण्यात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. पदाने ते सुभेदार झाले. मनाने ते कबीरपंथी होते आणि महात्मा फुले यांच्याविषयी त्यांना विशेष आदर होता. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील छावणीत त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले. तेच भीमराव.

पुढच्याच वर्षी, 1892 मध्ये, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. या निर्णयाने केवळ नोकरी गेली असे नाही. नोकरीबरोबर छावणीची शाळाही गेली. पुढील पिढीसमोर पुन्हा गावकीची कामे आणि तराळकी उरली. रामजींनी हे नेमके ओळखले. बंदी उठावी म्हणून सरकारकडे दाद मागण्याच्या खटपटीत ते पडले आणि त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले. स्वतःची चाकरी संपत आली असताना येणाऱ्या मुलांसाठी धडपडणारा हा शिक्षक होता.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले. आत्या मीराबाईंनी मुलांना मायेने सांभाळले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घरी रामजी स्वतः शिकवीत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला यांवर त्यांनी मुलाची भाषा घडविली.

पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार थाटला. पेन्शन तुटपुंजी होती. दोन मुलांचे शिक्षण एकाच वेळी झेपेना, तेव्हा आनंदरावांची शाळा थांबली आणि ते नोकरीस लागले. रात्री भीमरावांना झोपवून रामजी जागत बसत आणि पहाटे दोन वाजता त्यांना अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचे दागिने मागून घेत आणि गहाण ठेवीत. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशात थोरल्या भावाची सुटलेली शाळा आणि बहिणींचे दागिने होते, हे आम्ही विसरता कामा नये.

2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले. बडोद्याची नोकरी नुकतीच धरलेला मुलगा तार मिळताच निघाला. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो सुरतेस उतरला आणि गाडी चुकली. उशिरा का होईना, तो पोहोचला. त्याच्या पाठीवरून हात फिरवून वडिलांनी प्राण सोडला. त्याच वर्षी जुलैत तो मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास पोहोचला. ते पाहण्यास सुभेदार राहिले नव्हते.

आपल्या वऱ्हाडाशीही या घराण्याचे एक दुःख जोडलेले आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न पेटला असता नोव्हेंबर 1927 मध्ये येथील इंद्रभुवन नाट्यगृहात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. अमरावतीकरांनी दुखवट्याचा ठराव केला. रामजींच्या थोरल्या मुलाचा शोक असा आमच्या मातीत व्यक्त झाला. पुढे बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव यांनी भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली. यशवंतरावांचे पुत्र, म्हणजे रामजींचे पणतू, प्रकाश आंबेडकर 1998 आणि 1999 मध्ये अकोल्यातून लोकसभेवर निवडून गेले.

वंशावळ येवढी सांगून संपत नाही. रामजींना जे एका खोलीत, कर्ज काढून करावे लागले, ते इतर बापांच्या वाट्यास येऊ नये, यासाठी बाबासाहेबांनी संस्था उभारल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. वसतिगृहातील दिवा, वेळेवरचे जेवण आणि पहाटे उठविणारा शिक्षक, हे सारे पूर्वी एका सुभेदाराने एकट्याने केले होते. आपली शाळा त्याच परंपरेतील आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे एक सांगणे आहे. आपल्या घरी कोणाची शाळा सुटली म्हणून आपली चालू राहिली, हे एकदा आईवडिलांना विचारावे. जे नाव कळेल, त्याच्या मुलाबाळांच्या शिक्षणाची चौकशी करावी आणि शक्य तो भार उचलावा. सुभेदार रामजींचे स्मरण याहून वेगळ्या रीतीने करण्याची गरज आम्हांस वाटत नाही.